पाणंदीपलीकडची शाळा

घरापासून शाळेपर्यंतची वाट काढून दाखव, असं तुम्ही तुमच्या मुलाला कधी सांगितलंय का? मी सांगितलं, आणि त्यानंतर माझी भीतीच बदलली.

आमची वस्ती राहुरीच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. जिल्हा परिषदेची शाळा पलीकडच्या वस्तीवर. मध्ये पाणंदीची कच्ची वाट, आणि पाणंदीच्या दोन्ही अंगांना ऊस. दिवाळीपर्यंत तो एवढा वाढतो, की आत ट्रॅक्टर उभा असला तरी बाहेरून कळत नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीत शेजाऱ्यांच्या गोठ्यातून वासरू गेलं. सकाळी उसाच्या ओल्या सरीत पंजे उमटलेले होते. वनखात्याने पिंजरा लावला, आत शेळी बांधली. ती दिवसभर ओरडायची आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो. पिंजरा रिकामाच राहिला. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. सासूबाई तेवढंही म्हणत नाहीत. नुसतं जनावर म्हणतात.

शाळा उघडली त्या सकाळी मुलीचं दप्तर हातात घेऊन मी दारात उभी राहिले, आणि पाऊल पुढे पडेना. मुलगी तिसरीत आहे. मान वर करून ती माझ्याकडे बघत होती.

मी पत्रकांवर वाढले. वडील चळवळीत होते, उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. ‘एकही मूल शाळेबाहेर राहता कामा नये’ हे पत्रक तर माझं स्वतःचं. राहुरीच्या बाजारात उन्हात उभं राहून मी ते वाटलं होतं, न घेणाऱ्यांशी भांडलेही होते. सासूबाईंना हे सगळं ठाऊक. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “पत्रक वाटायला काय लागतंय गं? ऊस तुटंपर्यंत राहू दे पोरीला घरी. शाळा काय पळून जाती व्हय?”

मी दप्तर खुंटीला अडकवलं. मुलगी घरी राहणार असेल तर शाळा घरात आणायची, एवढंच मला सुचलं.

पुण्याची एक मैत्रीण आपल्या मुलाला हौसेने घरीच शिकवते. तिने फोनवर तिचा अख्ख्या वर्षाचा आराखडा पाठवला. रंगीत चौकटी, गोष्टींची इंग्रजी पुस्तकं, मण्यांचं गणित. त्यात रोजचा पहिला तास होता, सकाळचा निसर्गफेरफटका. मला हसू आलं आणि लगेच दाराच्या कडीकडे नजर गेली. आराखडा चांगला होता, पण तो शाळेत परत न जाणाऱ्या मुलांसाठी होता. माझी मुलगी परत जाणार होती. म्हणून मी शाळेचीच पुस्तकं धरली. तिच्या वर्गाच्या बाई संध्याकाळी फोनवर त्या दिवशी काय झालं ते सांगत, दुसऱ्या दिवशी मी तेच घेई.

वेळापत्रक मात्र विजेने ठरवलं. शेतीची लाईट एका आठवड्यात दिवसाची, एका आठवड्यात रात्रीची. दिवसाची असली की नवरा आणि मी उसाला पाणी द्यायला, पाण्यावर, मग मराठीचं वाचन आजीसमोर, दाराला आतून कडी लावून. रात्रीची असली की नवरा एकटा बॅटरी घेऊन उसात, आणि मी सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी गुणाकार घेतेय. परिसर अभ्यासाला मी खिडकी दिली. ‘बाहेर जाऊन निरीक्षण करा’ असं पुस्तकात आलं की मी म्हणायचे, इथूनच कर. ती गजांना नाक लावून चिमण्या मोजायची. अभ्यासात ती कुठेही मागे नव्हती. मला वाटलं, आपण जिंकतोय.

मग नकाशाचा धडा आला. घर ते शाळा. वही पुरणार नाही म्हणून मी तिला ओटीवरच्या फरशीवर खडूने काढायला सांगितलं. तिने एका टोकाला घर काढलं, दुसऱ्या टोकाला शाळा, झेंड्यासकट. मधली सगळी फरशी हिरव्या खडूने रंगवली. खडू संपेपर्यंत रंगवली.

मी विचारलं, रस्ता राहिला का गं?

“तिथं रस्ता नसतो, मम्मी,” ती म्हणाली. “तिथं तो असतो.”

सासूबाई सूप हातात धरून तशाच थांबल्या. मी फरशी पुसली नाही. ऊस तुटला की सगळं ठीक होईल, असं स्वतःला सांगत राहिले.

कारखान्याची ऊसतोडीची टोळी आली. उजव्या अंगाचा ऊस तुटला, मागे उरलेलं वाळकं पाचट पेटलं, आणि आमच्या दारातून शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसायला लागलं. मी आनंदाने दप्तर काढलं. मुलीने ते पाठीला लावलं, चपला घातल्या आणि उंबऱ्यावर थांबली. मी हात ओढला तर तिने चौकट धरली. रडली नाही, हट्टही केला नाही. नुसती चौकट धरून राहिली. जनावराची भीती मला कायमच होती, पण त्या सकाळी मला माझ्या वेळापत्रकाची भीती वाटली. कडी, खिडकी, गज. त्यातला एकही तास तिने बुडवला नव्हता.

आता रोज सकाळी आम्ही दोघी निघतो. जळालेलं रान संपतं तिथपर्यंत ती येते, हात गच्च धरून. पुढे वळण आहे, आणि वळणाला डावीकडचा ऊस अजून उभा आहे. तिथून ती मागे फिरते. मी जबरदस्ती करत नाही. घरी येऊन आम्ही गणित करतो. परवा मी विचारलं, काय केलं म्हणजे तू पुढे येशील? तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“वळणावर कुणी उभं असलं तर येईन.”

नवरा एका दिवशी उभा राहतो, दुसऱ्या दिवशी पाण्यावर असतो. शेजाऱ्यांना विचारलं तर ते आधी हसले, मग त्यांच्यातले एकजण आले. पण रोज कुणी उभं असल्याशिवाय वाट पुरी होत नाही. पत्रकात मी मोठ्या मागण्या लिहायचे, आज छोटी करते. तुमच्या गावात उसाच्या वाटेने शाळेला जाणारं मूल असेल, किंवा जायचं थांबलेलं असेल, तर उद्या शाळेच्या वेळेला त्या वाटेच्या वळणावर जाऊन उभे राहा. पोरांना लांबून दिसाल असे उभे राहा, आणि शेवटचं पोर शाळेत शिरेपर्यंत हलू नका.