कामगार महिलांच्या मते

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आणि कमळला तर नाहीच. तुम्ही समोर नाही म्हणून लिहिता येतंय — समोर असता तर पदर तोंडात धरून मी खाली बघत बसले असते. बोलणं मला जमतच नाही. आणि आयुष्यात कधी बोलले, तर काय बोलले? हे!

चिकलठाण्याला एका घरी मी स्वयंपाक करते. त्या घरची स्नेहल कॉलेजात आहे. फावल्या वेळात ती इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहिते — फुकट. तिथं कुणाचं पान असावं, कुणाचं नसावं, यावरून ही पोरं भांडतात. अन् यंदा भांडण कुणावरून? तर मी आधी ज्या कंपनीत पॅकिंगला होते, तिथल्या मोठ्या साहेबांवरून. कुणीतरी त्यांचं पान टाकलं होतं.

“माणूस उल्लेखनीय पाहिजे, मावशी,” स्नेहल म्हणायची. “मोठ्या खुर्चीत बसला म्हणून पान मिळत नाही.”

उल्लेखनीय! मी कणीक मळतेय, हिचं उल्लेखनीय. मी फोडणी देतेय, हिचं उल्लेखनीय. एक म्हणतो ठेवा, दुसरा म्हणतो काढा, आणि ताटातली पोळी गार. लई वैताग यायचा. एका माणसासाठी एवढा काथ्याकूट? ज्यांनी त्याला पाहिलं त्यांना विचारा की! तर म्हणे तसं चालत नाही. पाहिलेलं चालत नाही, छापलेलं लागतं.

मग एक दिवस छापलेलं सापडलं. जुन्या पेपरातली बातमी. ‘साहेबांनी आमच्या लेकरांसाठी पाळणाघर काढलं, ते आमचे मायबाप आहेत,’ असं एक कामगार महिला म्हणाली. वर फोटो — साहेब हसतायत, शेजारी एक बाई, अर्ध्या तोंडावर पदर.

ती बाई कोण, ते तुम्हाला कळलंच असेल.

पण पाळणाघर कसं झालं ते आधी सांगते. कमळ माझ्याशेजारी उभी राहून खोकी चिकटवायची. तिच्या पोराला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. एक दिवस तिनं त्याला सरळ कामावर आणलं आणि दोन खांबांना साडीची झोळी बांधली. सुपरवायझर ओरडला, “ही काय जत्रा हाय का?”

“जत्रा नाय, भाऊ, लेकरू हाय,” कमळ म्हणाली. “तुम्ही झोका द्या, मी खोकी चिकटवते.”

आम्ही हसून हसून वाकलो. दुसऱ्या दिवशी आणखी एकीनं झोळी बांधली, मग तिसरीनं. माझी सगळ्यात शेवटी, खांबाआड. साहेब खाली आले, झोळ्या सोडा म्हणाले. कमळनं सोडली नाही, म्हणून कुणीच सोडली नाही. शेवटी स्टोअरमागची खोली रिकामी करून मिळाली. आणि थोड्याच दिवसांत कमळला गेटवर सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

आम्ही काय केलं? खोकी चिकटवली.

नंतर पेपरवाला आला. साहेब शेजारीच उभे. त्यानं विचारलं, “साहेबांनीच काढलं ना हे?” मी म्हणाले, “व्हय.” एवढंच. मायबाप वगैरे त्यानं आपल्या मनानं घातलं — हे बघा, पुन्हा मी दुसऱ्यावर ढकलतेय. ‘व्हय’ तर माझंच ना? पुढं मला पॅकिंगवरून काढून पाळणाघरात बसवलं. खुर्ची, डोक्यावर पंखा, माझी लेक डोळ्यासमोर. ती जागा कमळची होती. मला ते माहीत होतं. मी बसले.

पण खरं सांगायचं ते हेसुद्धा नाही. तेव्हा नोकरी जायची भीती होती, असं तरी म्हणता येतं. आता कसली भीती होती?

स्नेहलनं फोन माझ्यापुढं धरला. तिनं मला ओळखलं नव्हतं.

“मावशी, तुम्ही तिथंच होता ना? ही बाई खरं बोलतेय का? एवढी एकच गोष्ट आहे त्यांच्या बाजूनं. खोटं असेल तर सांगा. मी नेटानं भांडते, दुसरं काही छापलंय का शोधते.”

घरात आम्ही दोघीच. साहेब कुठं, मी कुठं! ‘नाय’ म्हणायचं होतं. नाहीतर ‘ही मीच’. तवा तापला होता, त्याच्याकडं बघत मी म्हणाले, “व्हय, खरं हाय.”

“नक्की?”

“व्हय गं. देवमाणूस हाय साहेब.”

देवमाणूस! हा शब्द माझ्या तोंडात कुणी घातला नव्हता. ना साहेबांनी, ना पेपरवाल्यानं. हा माझा मी काढला — तो फोटो माझा आहे, हे त्या पोरीला कळू नये म्हणून.

“मग जाऊ दे,” स्नेहल म्हणाली. “तुम्ही म्हणताय तर मी नाही अडवत.” ठेवा म्हणणारे जिंकले. पान राहिलं.

तिनं मला वाचून दाखवलं. ‘कामगार महिलांच्या मते, त्यांनी पुढाकार घेऊन पाळणाघर सुरू केले.’ मी विचारलं, “महिलांच्या? पेपरात तर एकच बाई होती.”

“तसंच लिहितात, मावशी.”

कमळ पडेगावला राहते. संक्रांतीला हळदीकुंकवाला भेटली. माझ्या लेकीच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “झोळीत सगळ्यात जास्त हीच रडायची. खोली मिळाली अन् गप झाली बघ.” तिच्या पोराला ती खोली फार दिवस मिळाली नाही. तसं ती बोलली नाही. मी वाण घेतलं आणि उठले.

कामगार महिलांच्या मते. त्या महिलांत कमळही आली. तिच्याही वतीनं ‘व्हय’ मीच म्हणाले.