पट्ट्याची शेवटची वीत

सगळ्यात जास्त टिकणारी गाडी कुठल्या कंपनीची, हा प्रश्न मला विचारायचा नाही, असं हल्ली मी स्टाफरूममध्ये सांगून टाकलंय. पूर्वी न विचारताच सांगायचो. रहिमतपूरजवळच्या एका हायस्कुलात मी गणित शिकवतो, पण माझी ख्याती गणितापेक्षा गाड्यांमुळे जास्त. कुणी जुनी गाडी बघायला निघाला की आधी मला सोबत घ्यायचा. मी बॉनेट उघडायचो, ऑइल बोटावर घेऊन बघायचो आणि न्यायाधीशासारखा निकाल द्यायचो.

ही विद्या दाजींची. दाजी म्हणजे माझ्या आक्काचा नवरा. दोघं सांगलीत राहतात, नदीपासून चार गल्ल्या आत. आक्काचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. दाजींनीच मला गाडी शिकवली, क्लच जळल्याचा वास ओळखायला शिकवला. ‘जुनी गाडी घेताना कंपनी बघू नये, मालक बघावा,’ हे वाक्यही त्यांचंच. ते मी स्वतःचं म्हणून गावभर वाटलं.

सांगलीत तो मोठा पूर येऊन गेल्यावर आमच्याकडे आणखी एक नियम झाला. एमएच दहा, म्हणजे सांगली पासिंगची जुनी गाडी घ्यायची नाही. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विकायला येत होत्या. घ्यायची तर एमएच अकरा, साताऱ्याची. पुरातली गाडी ओळखायची एक खूणही मी सगळ्यांना सांगायचो. लोक सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण सीटबेल्टचा आत गुंडाळलेला शेवट कुणी धूत नाही. पट्टा पार शेवटपर्यंत ओढून बघा, पाणी लागलं असेल तर तिथं गाळ सापडतो.

दाजींची पांढरी डिझेल गाडी एमएच अकराच होती, ते साताऱ्यात नोकरीला असताना घेतलेली. कंपनीही नाव ठेवायला जागा नाही अशी. सोनं गाळायच्या धंद्यासाठी केरळ-तमिळनाडूत गेलेले आमच्या पूर्वेकडचे लोक यात्रेला गावी येतात ते ह्याच कंपनीच्या गाडीनं, एका दमात. पूर ओसरून वर्ष झालं असेल, दाजी म्हणाले, आता मला गाडी नको, तूच घे. तरी मी विचारलंच, पुरात कुठं होती? माधवनगरला, म्हणाले, ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या गोडाऊनमध्ये, पाणी चढायच्या आदल्या दिवशीच नेऊन लावली. किल्ली कुणाकडे दिली, दारात ट्रक कसा आडवा होता, तो हलवायला किती वेळ गेला, सगळं सांगितलं. इतक्या बारकाव्यानं माणूस खरंच सांगतो, असं मला तेव्हा वाटायचं.

मी पैसे मोजून दिले, पण पट्टे ओढून बघितले नाहीत. परक्याच्या गाडीचे हटकून ओढायचो. पण दाजींसमोर पट्टा ओढायचा म्हणजे बहिणीच्या घरी जेवायला बसून ताट पुसून घेण्यासारखं झालं असतं. वर आक्कानं सीटला नवीकोरी कव्हरं घालून दिली. ‘ह्या वर्षी भाऊबीज माझ्याकडनं,’ म्हणाली. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

सहा महिन्यांत गाडीचे चाळे सुरू झाले. रणरणत्या उन्हात वायपर आपोआप फिरायचा. काच खाली गेली की वर यायचं नाव घ्यायची नाही. एकदा तर शाळेची प्रार्थना चालू असताना पटांगणात हॉर्न वाजत राहिला आणि राष्ट्रगीत सुरू झालं तरी पोरं हसायची थांबेनात. इंजिन मात्र एकदाही बंद पडलं नाही. आमचा नेहमीचा मेकॅनिक डॅशबोर्ड उघडून बघत हळूच म्हणाला, ‘सर, हिनं पाणी बघितलंय.’ मी त्याच्यावर असा भडकलो की त्याच्या गॅरेजची पायरीच सोडली. आमच्या दाजींवर संशय घेतो म्हणजे काय! दोष कंपनीचा, हे मी ठरवून टाकलं. त्या कंपनीत आता दम राहिला नाही, असं दीडदोन वर्षं चारचौघांत सांगत सुटलो. दोन सहकाऱ्यांनी माझं ऐकून दुसऱ्या कंपनीच्या गाड्या घेतल्या. ते अजून मला नमस्कार करतात, पण हात खिशात ठेवून.

मग आईचं पोटाचं ऑपरेशन झालं, मिरजेला. घरी न्यायच्या दिवशी आक्का आली होती. नर्सनं बजावलं, मागं बसवा, पोटावर उशी ठेवा आणि वरून पट्टा लावा, खड्ड्यानं टाके ओढले जायला नकोत. आमच्याकडे मागचा पट्टा कोण लावतो? तो सीटच्या फटीत कुठंतरी पडलेला. शोधून काढला. उशीमुळं पुरेना. जोरात ओढला तेव्हा अडकलेली शेवटची वीत कर्रकन बाहेर आली. मातकट आणि कडक, वाळून पापडासारखी झालेली. आईच्या पातळावर भुकटी सांडली.

आईचं माहेर कृष्णाकाठचं. तिनं चिमूट बोटांत चोळली.

‘ह्यो नदीचा गाळ हाय,’ ती म्हणाली. ‘गाडीत कसा आला रं?’

मी आक्काकडे बघितलं. ती दुसऱ्या बाजूचं दार धरून उभी होती आणि कव्हराची शिवण नखानं खरवडत होती. दाजींनी फसवलं असेल, तिला काय माहीत असणार, असं मी तेवढ्या क्षणात स्वतःला समजावूनही टाकलं होतं.

‘तुला ठावं हुतं?’

ती म्हणाली, ‘सीटा मीच धुतल्या. चार दिस लागलं.’

‘मग मलाच का दिली?’

‘भायेरच्याला दिली असती तर दारात यिऊन भांडला असता. ह्यांची अब्रू गेली असती.’ तिनं बाहेरूनच दार हळूच लावलं आणि उघड्या काचेतून म्हणाली, ‘तू न्हाई भांडणार, ठावं हुतं.’

मी तोच पट्टा आईला लावला आणि गाडी काढली. कडेगाव मागं पडल्यावर वायपर फिरायला लागला. पाऊस न्हाई आन् ह्यो कशाला हलतोय, असं आईनं विचारलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, आक्कावर रागावलास का? नाही, म्हणालो. पुरात बुडालेली गाडी गळ्यात मारली ह्याचा राग होताच. पण त्याहून जास्त ह्याचा, की सगळ्या गणगोतात तिनं मलाच निवडलं आणि निवडून हे दिलं.

दिवाळीत सांगलीला गेलो, त्याच गाडीनं. आक्कानं ओवाळलं. ओवाळताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दाजी सोफ्यावर ऐसपैस बसले होते. गाळाचं तिनं त्यांना सांगितलेलं दिसत नव्हतं.

‘काय, गाडी कशी चालतीया?’ त्यांनी विचारलं.

आक्काच्या हातातलं तबक जागच्या जागी थांबलं.

‘चांगली चालती,’ मी म्हणालो.