गयाबाईची नाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि आता तर तोही नाही. घरात मी एकटीच असते. तेव्हा तुम्हीच ऐका.

परवा भाच्यानं मनगटावर बांधायचं एक घड्याळ आणून दिलं. नाडी मोजतं, चालून किती शक्ती खर्च झाली तेही सांगतं म्हणे. पण पट्टा सैल राहिला तर वाटेल ते आकडे दाखवतं. "आत्या, कातडीला टेकायला हवं," तो म्हणाला. मी ते काढून कपाटात टाकलं. बिचारा हिरमुसला. त्याला काय सांगणार होते?

दुष्काळाच्या त्या वर्षी भूमजवळ तलावाचं काम चालू होतं. दगडमाती वाहणाऱ्या बायकांची किती शक्ती खर्च होते, आणि तिथं मिळणारी सुकडी खाऊन ती भरून निघते का, हे बघायला डॉक्टरांचं पथक आलं. मी त्यात मदतनीस — तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातली, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. छातीला तारा चिकटवायचं एक यंत्र होतं, पण घामानं तारा सुटायच्या. मग नाडी बोटांनीच मोजायची. डॉक्टर बजावायचे, नाडी काय नुसत्या कष्टानंच वाढते का? उन्हानं वाढते, तापानं वाढते, भीतीनंही वाढते. म्हणून आधी सावलीत बसवा, मग मोजा. बसूनही जिची उतरत नाही, तिला आपण पाणी वाटायचं हलकं काम द्यायला लावू.

अवघड काय होतं त्यात? हातच तर धरायचा होता.

तोच मी धरला नाही. म्हणजे — बाकीच्यांचा धरला. बौद्ध वस्तीतल्या बायकांचा नाही. घरून मला कुणी बजावलं नव्हतं. बजावायची गरजच नव्हती. बोटं मनगटावर नुसती अधांतरी ठेवायची, नजर घड्याळावर, ओठ हलवायचे — आणि आधीच्या बाईचा आकडा थोडा इकडेतिकडे करून सांगून टाकायचा. लांबून कुणाला काय कळणार?

गयाबाईला कळलं होतं. बांगड्या वर सरकवून ती हात पुढं करायची आणि माझ्या बोटांकडे बघत राहायची. एकदा हळूच म्हणाली, "बाई, लई धडधड व्हायलीय. बसलं तरी थांबंना. जरा धरून तर बघा."

मी पुन्हा तेच केलं. का? आता धरला तर आधीचे आकडे खोटे ठरतील, ही एक धास्ती. आणि दुसरं — किळस. दुसरा शब्द शोधून पाहिला, पण शब्द तोच आहे.

थोड्याच दिवसांत ती डोक्यावरच्या पाटीसकट कोसळली. डॉक्टर धावत आले, तिचं मनगट धरून बराच वेळ बसले. मग माझ्याकडे वळले. ही नाडी अशी कधीपासून आहे?

"कालपर्यंत ठीक होती, सर."

गयाबाई शुद्धीवर होती. तिनं ऐकलं. आता ही बोलणार, असं मला वाटलं. ती बोलली नाही. तिचं खरं मानलं असतं कुणी? डॉक्टरांना वाटलं, कालपर्यंत नाडी ठीक होती, म्हणजे एखाद्या दिवसाचा ताप असेल. घरी पडून राहा म्हणाले. हलक्या कामाचा विषयच निघाला नाही. मुकादमानं तिच्या जागी दुसरी बाई घेतली.

पुढं भूमशेजारच्या वाशीच्या बाजारात तिची जाऊ भेटली. मी विचारलं, गयाबाई कशी आहे?

"गेली की, बाई, उन्हाळ्यातच. तुमची लई आठवण काढायची. म्हणायची, ल्हान हाय पोरगी, हात धराया भेती."

मी मान हलवली आणि पुढं निघून गेले.

भीत नव्हते मी, गयाबाई. मला तुमचा हात नको होता.