घरात कुठं बसतंय?

डॉ. घरत मांजराला आधी हात लावत नसत. टोपली जमिनीवर ठेवायला सांगत, झाकण उघडत आणि तिच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसत. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मांजर आपण होऊन बाहेर आलं आणि टेबलाचा पाय हुंगू लागलं की ते पेपरची घडी घालत आणि धन्याला विचारत, "हल्ली घरात कुठं बसतंय?" काय झालंय, असं त्यांनी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

अनिका, रोहन, ही गोष्ट तुमच्या जन्माच्या बरीच आधीची, नव्वदच्या आसपासची. पनवेलचा तो दवाखाना सरकारी आणि गुरांचा. अंगणात बैल अडकवायचा लोखंडी खोडा होता. शिरढोण, कोन या गावांकडचे शेतकरी तिथे म्हशी घेऊन येत. डॉक्टरही त्यांच्यातलेच, पदवी घेतली तरी घरची बोली त्यांनी सोडली नव्हती. बुधवारी दुपारी मात्र ते फाटक लावून घेत. ती वेळ फक्त मांजरांची. म्हैस नाही, कुत्रा नाही, आरडाओरडा नाही. गावात थट्टा होई. कंपाउंडर तर तोंडावर म्हणे की वरचे साहेब तपासणीला आले तर खोड्यात मांजर उभं करून दाखवायचं का? डॉक्टर म्हणत, "साहेबाला बी टोपलीतनं आन. मी पाठ करून बसतो."

मी तिथे पहिल्यांदा गेले ती माझ्या चुकीमुळे. तुमचे आजोबा जाऊन वर्ष झालं होतं, तुमचा बाबा नुकताच परदेशी गेला होता आणि माझी शाळेतली नोकरी संपली होती. घरात माझ्याशिवाय हलणारं एकच होतं, भुऱ्या नावाचा राखाडी बोका. तो दोन दिवस वाळूच्या घमेल्यात जाऊन कुंथत होता. पोट साफ होत नसेल, असं मी ठरवलं. चमचा मोजून सकाळ-संध्याकाळ एरंडेल पाजलं. वेळासुद्धा लिहून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी तो मोरीतल्या लादीवर जाऊन पडला आणि उठेना.

डॉक्टरांनी दोन बोटांनी त्याचं पोट चाचपलं. "बाई, पोट नाय, लघवी तुंबलीय. आजचा दिस गेला असता तर हा बी गेला असता. मोरीत येन्याआदी कुठं बसायचा?"

आजोबांच्या खुर्चीत, मी सांगितलं.

"खुर्ची कदी सोडली त्यानं?"

एरंडेलाच्या वेळा माझ्या वहीत होत्या, ही नव्हती.

मांजराला लागते तेवढी बारीक नळी तेव्हा आमच्याकडे मिळत नसे. सलाइन लावताना बाळांच्या शिरेत ठेवतात ती नळी डॉक्टरांनी लहान मुलांच्या दवाखान्यातून मागून आणली होती. गुंगीचं औषध देऊन तासभर ते भुऱ्यापाशी वाकून होते. त्यांच्या जाड पुस्तकात गाईला शेकडो पानं होती आणि मांजराला दोन-तीन. "वासराच्या औषधाचा आठवा हिस्सा केला की मांजराचं झालं, असं आमाला वाटायचं," हात धुता धुता ते म्हणाले. "तसं करून मी मांजरं मारलीत, बाई."

भुऱ्या वाचला. जाताना डॉक्टरांनी मला एक कोरी वही दिली. "म्हैस वरडते, कुत्रा पायाशी येऊन लोळतो. मांजर दुखनं लपवतं. जागा तेवडी बदलतं. ते लिवून ठेवनारं मानूस मला पायजे."

मग दर बुधवारी मी रकाने भरू लागले. आधीची जागा, आताची जागा, कधीपासून, शेवटी काय निघालं. तीन वर्षांत वही बोलू लागली. पाण्याशेजारी मुक्काम हलवणाऱ्या म्हाताऱ्या मांजरांची बहुधा मूत्रपिंडं थकलेली निघत. उरणकडची जानकीबाई मासळीच्या पाटीतून आपली मांजर घेऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टर, नजर लागली हिला. मावऱ्याकडं बगत नाय."

"तुजं मावरंच शिळं आसंल."

"काल बांगडं नेलंस तवा नाय बोललास?"

डॉक्टर हसले आणि मांजर कुठे बसते ते त्यांनी विचारलं. माठाला चिकटून, जानकीबाई म्हणाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते पान काढून बसले होते. ती मांजर आणखी दीड वर्ष जगली.

पुढे जासईकडे शेतांच्या जागी कंटेनरचे ढीग उभे राहिले. खोडा गंजला. बुधवारी मात्र नव्या इमारतींतली एकेकटी माणसं टोपल्या घेऊन येत. दवाखाना आटोपला की डॉक्टर वही तपासायला माझ्याकडे येत. त्यांची बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. आजोबांच्या खुर्चीत बसत, भुऱ्या मांडीवर चढे. तेवढा एक तास घरात दोन कप असत.

एका बुधवारी ते खुर्चीत बसले नाहीत. बाहेर पायरीवर, भिंतीला पाठ लावून बसले. आत उकडतंय म्हणाले. पुढच्या बुधवारीही तिथेच. मी चहा पायरीवर नेऊन दिला, पाठीला उशी दिली. तिसऱ्या बुधवारी अर्धा चहा उरला. बरं आहे ना, मी विचारलं.

"मला काय झालंय?" ते म्हणाले, आणि मी ते खरं मानलं.

चौथ्या बुधवारी फाटकाला कुलूप होतं. कंपाउंडरने सांगितलं की डॉक्टरांना मुंबईला नेलंय. पोटात गाठ आहे, बरेच महिने वाढत होती. आठवडाभरात ते गेले. भेट झाली नाही.

ते गेल्याचं कळलं त्या दुपारी मी वहीत शेवटची ओळ लिहिली. डॉ. घरत. आधीची जागा खुर्ची. आताची जागा पायरी. कधीपासून, तीन बुधवार. सगळं मला माहीत होतं. रकाने माझेच होते.

म्हणून फोनवर तुम्ही "आजी, सगळं ठीक आहे" म्हणता, तेव्हा मी अभ्यासाला कुठे बसता, जेवायला कुठे बसता, असं विचारत राहते आणि तुम्ही हसता. हसा. पण गेल्या रविवारी अनिका बोलता बोलता म्हणाली की हल्ली ती टेबलाशी बसत नाही, पलंगामागे जमिनीवर बसते, तिथे बरं वाटतं.

अनिका, कधीपासून?