खोड सांगा, डॉक्टर

बारामतीच्या एका सर्जननं आमच्या चाचांना फसवलं. पैशांत नाही, बोलण्यात. अर्धं सांगितलं, अर्धं गिळलं. चाचांना कुणी असं गंडवेल, हे इंदापूरच्या जनावरांच्या बाजारात आजही कुणाला खरं वाटत नाही.

चाचा पळसदेवचे. गुरांची आणि शेळ्या-बोकडांची दलाली करायचे. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात रुमालाखाली घ्यायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे. भाव जुळला की मात्र रुमाल झटकून खांद्यावर टाकायचे आणि विकणाऱ्याला मोठ्यानं विचारायचे, "आता खोड सांगा." लाथ मारते का, दूध चोरते का, दावं तोडते का, जे असेल ते चारचौघांत सांगायचं. खोड लपवली तर जनावर परत घ्यावं लागायचं. "भाव रुमालाखाली चालतो," चाचा म्हणायचे, "खोड न्हाय चालत."

मी सणसरचा. जवळ काही नव्हतं, तेव्हा चाचांच्याच दलालीत पहिला बैल घेतला. औताला जुंपला की हा गडी खाली बसायचा. विकणाऱ्यानं ते सांगितलंच नव्हतं. मी काठी घेऊन निघालो होतो. चाचांनी काठी काढून घेतली, बैलाचं दावं हातात दिलं आणि मला त्या विकणाऱ्याच्या दारात नेलं. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय राव, बैल इकला का पाव्हणा धाडला? आल्यापास्नं नुस्ता बसूनच हाय!" आळी हसली. त्या माणसानं खाली मान घालून बैल परत घेतला. आज मी जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा करतो, भल्याभल्यांशी घासाघीस करतो. ते सगळं त्या दारात शिकलो.

तर अशा माणसाच्या आतड्यात कॅन्सर निघाला आणि तो लिव्हरपर्यंत पोचलेला. सर्जन म्हणाले, आतड्यातल्या गाठीबरोबर लिव्हरचाही मोठा तुकडा काढावा लागेल. चाची रडायला लागल्या. चाचांनी खांद्यावरचा रुमाल सारखा केला आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, आता खोड सांगा."

सर्जनना कळेना. मी नीट समजावून सांगितलं. ते हसले. "खोड कसली, चाचा? लिव्हर कापलं तरी परत वाढतं. काही महिन्यांत पहिल्यासारखं!"

आणि वाढलं हो. सोनोग्राफीत लिव्हर भरलेलं दिसलं. चाचा बाजारात सांगत सुटले, "बोकडाची कलेजी एकदा काढली की गेली. माझी बगा, पुन्ना आली!" पुढच्या तपासणीबद्दल सर्जन एवढंच म्हणाले होते, "जमेल तसं येऊन जा." मी मागे लागलो की चाचा उडवून लावायचे. "भरल्या अंगाच्या जनावराला कोण दवाखान्यात नेतंय व्हय?" पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग कुशीत दुखायला लागलं, डोळे पिवळे झाले.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी नवा स्कॅन समोर धरला. नव्यानं वाढलेल्या लिव्हरमध्ये जागोजागी गाठी. बाई शांतपणे म्हणाल्या, "लिव्हर वाढावं म्हणून शरीर जे पोषण पुरवतं, जे इशारे देतं, त्यांवर मागे राहिलेल्या कॅन्सरच्या पेशीही वाढू शकतात. सगळ्यांचं असं होत नाही. तुमचं त्यामुळंच झालं, असंही मी छातीठोक सांगणार नाही. ऑपरेशन चुकीचं नव्हतं. पण लिव्हर वाढत असताना तपासणी चुकवायची नसते."

"मग तवाच का दिसलं न्हाय?" चाचांनी विचारलं.

"फार बारीक असतात. दिसत नाहीत."

चाचांनी स्कॅन हातात घेऊन उजेडाकडं धरला. मग म्हणाले, "आमच्या पळसदेवाला उजनी धरणाचं पाणी चढलं की जुनं देऊळ दिसत न्हाय. म्हून काय ते जातंय व्हय?" बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ह्या बाईनं खोड सांगितली बग. हिला बाजारात बसवाय पायजे."

मला हसू आलं नाही. मी तडक बारामतीला त्या सर्जनकडे गेलो. हे माहीत होतं का, विचारलं. म्हणाले, "पेशंटला घाबरवायचं नसतं." अहो, कुणाला घाबरवायचं नसतं? मारक्या बैलाच्या शिंगाला हात घालून ज्यानं जन्म काढला, त्याला? तो घाबरला नसता. तो तपासणीला वेळेवर आला असता. कदाचित तरीही गेला असता. पण आपण कशाशी झुंजतोय, हे कळून गेला असता.

शेवटच्या दुपारी पळसदेवला गेलो. चाचांनी चादरीखालून हात पुढं केला. मला वाटलं, बोटं दाबतील, काहीतरी सांगतील. त्यांनी नुसता हात धरून ठेवला. मग म्हणाले, "त्या डॉक्टरला काठी दाखवू नगंस. दारात जा."

म्हणून आज पुन्हा तुमच्या दारात आलोय, डॉक्टर. काठी आणलेली नाही. बाजारात खोड लपवणाऱ्याला जनावर परत घ्यावं लागतं. आमचा माणूस तर तुम्हाला परत देताही यायचा नाही. तेव्हा चारचौघांत एवढंच सांगा: चाचांनी तोंडानं विचारलं, तेव्हा तुम्हाला खोड माहीत होती की नव्हती? नव्हती, तर "पहिल्यासारखं" हा शब्द कशाच्या जोरावर दिलात? आणि होती, तर हसलात कशाला?