शाळेच्या कॅनला माप नव्हतं

शालनकाकूंचं नाव आधी घेते. त्यांनी मला गाय दिली. गोठ्याशेजारची खोली राहायला दिली. माझ्या आरतीचं नाव शाळेत घालताना पत्त्याच्या जागी आम्हाला काय लिहावं कळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या घराचा पत्ता लिहायला लावला. हे सगळं आधी सांगते, कारण नंतर सांगितलं तर वाटेल की त्यांचं कौतुक करून मी माझं झाकतेय. झाकायचं ते झाकून झालंय — सहा वर्षं. नवऱ्याला सांगितलं नाही, आईला फोनवर सांगितलं नाही, आरतीला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय. तुम्ही कोण, कुठल्या गावच्या, मला माहीत नाही. म्हणून तर सांगता येतंय — नाही का?

माझं माहेर हिंगोलीकडं. इथून एसटीत बसलं की अख्खा दिवस जातो. शाळा सातवीत सुटली. कुणी काढलं नाही मला. पाळी यायला लागली आणि शाळेत आडोशाची जागा नव्हती. आधी महिन्यातले चार दिवस घरी, मग आठ दिवस, मग कुणी विचारायचंही बंद झालं. लग्नानंतर आम्ही इंदापूरला डाळिंबाच्या बागेत छाटणीला आलो, आणि तिथून वडगाव निंबाळकरच्या पुढं, कालव्याकडेच्या या वस्तीवर. परक्या गावात माणूस सारखं भीत असतं. आवाज मोठा झाला का, पाण्याला आधी नंबर लावला का, कुणाच्या बांधावरनं गेलो का. अजूनही कुणी 'अहो' म्हणून हाक मारली की आधी मला वाटतं, काय चुकलं माझं?

काकूंनी गाय अर्धलीनं दिली. म्हणजे कालवड त्यांची, सांभाळायची मी, आणि व्याली की पहिलं वासरू त्यांचं. वासरू झालं. त्या बघायला आल्या, त्याच्या कपाळावरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, "राहू दे हितंच. माझ्या गोठ्यात जागा न्हाय." त्यांच्या गोठ्यात आणखी चार जनावरं मावली असती. मी रोज झाडायचे तो गोठा, मला माहीत होतं.

इथल्या वस्तीच्या शाळेत मुलींच्या संडासाला दार होतं, पण कडी नव्हती. एक पोरगी आत, दुसरी बाहेर दार धरून. वरची पाण्याची टाकी फुटलेली. आरती तेव्हा सहावीत. सकाळपासून पाणी प्यायचीच नाही ती, आणि घरी आली की उंबऱ्यातच उभ्या उभ्या दोन तांबे रिचवायची. मी बघत राहायचे. पुढं काय होतं ते या अख्ख्या वस्तीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

हेडबाईंनी पालकांची सभा घेतली. म्हणाल्या, वर अर्ज केलेत, मंजूर होईल तेव्हा होईल. पण पोरी मोठ्या व्हायला थांबत नाहीत. मागनं कुणीतरी विचारलं, "वर्गणी किती बसंल?" आणि जो तो बायकोकडं बघायला लागला. तेव्हा शालनकाकू उठल्या. त्यांची नात होती शाळेत.

"वर्गणी न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हैन्याच्या पैल्या सोमवारी सकाळचं दूध शाळंला, त्याचं पैसं संडासाला. डेअरीत एक कॅन निराळा ठिवू. ज्याला जेवढं जमंल तेवढं वतायचं. आन् त्या कॅनला माप न्हाय, फॅट न्हाय, नाव न्हाय."

ज्यांना डेअरी माहीत नाही त्यांना सांगते. रोज तिथं प्रत्येकाचं दूध मोजतात, फॅट लावतात, आणि रांगेतल्या सगळ्यांना आकडा ऐकू जातो. कुणाकडं किती, कसं, काही लपत नाही. शाळेच्या कॅनला मात्र कुणी अर्धा तांब्या आणो, कुणी दहा लिटर — ओतायचं आणि जायचं. ही पद्धत काकूंनी कुणासाठी काढली होती? माझ्यासारखीसाठी. मान खाली घालावी लागू नये म्हणून. मला ते तिथंच, त्या सभेतच कळलं होतं.

एकानं विचारलं, "काकू, अन् कुणी पाणी घातलं तर?"

"शाळंला पाणी कोण घालंल रं? तुजी आई घालायची का?"

सभा हसली. मीही हसले.

चार महिने झकास चाललं. काकू पहाटेच येऊन कॅन स्वतः घासायच्या आणि त्याच्याजवळ उभ्या राहायच्या, पण तोंड रस्त्याकडं. कोण किती ओततंय ते दिसू नये म्हणून. ज्यांच्याकडं जनावर नव्हतं ती माणसंसुद्धा विकतचं अर्धा लिटर आणून ओतायची. एवढ्या साध्या गोष्टीत किती विचार होता त्या बाईचा! जुन्या मॅट्रिकलासुद्धा गेलेल्या नाहीत त्या.

आता मी लांबण लावतेय. कळतंय मला.

पाचवा महिना उन्हाळ्याचा. गाय दुधाला कमी झाली. माझी किटली पाच लिटरची, आणि त्या सोमवारी ती निम्मीसुद्धा भरली नाही. भरलेली किटली गप्प असते. अर्धी किटली चालताना डुचमळते, रस्त्यानं आवाज करत जाते. आदल्या दिवशी कालव्यावर धुणं धुताना मागनं ऐकलं होतं — "ती हिंगोलीवाली काय देती गं शाळंला?" "देती की, वाटीभर." आणि खिदळणं. मी वळून बघितलं नव्हतं. पण किटली उचलली आणि ती डुचमळली, तेव्हा तेच खिदळणं वाजलं माझ्या कानात.

मी किटली खाली ठेवली. हंड्यातलं पाणी घेतलं आणि काठोकाठ भरली.

घातलं मी. शाळेच्या दुधात पाणी मी घातलं. बघा, जनावरांच्या हौदातलं नाही, प्यायच्या हंड्यातलं घेतलं — म्हणजे तेवढ्यातही स्वतःला चांगली समजत होते मी. गरज होती का? कसलीच नाही. जेवढं होतं तेवढं ओतलं असतं तर कुणी बघणार नव्हतं. बघू नये म्हणून एक बाई मान वळवून उभी होती.

माझी किटली हाताला जड लागतेय हे पावलावरनंच ओळखलं असावं त्यांनी. रस्त्याकडं बघतच म्हणाल्या, "वत गं बाई. भरल्या हातानं आलीस."

दुपारी कॅन परत आला. वर जिथं दूध थंड करायला जातं, तिथं सगळ्या कॅनांची तपासणी होते. शाळेच्या कॅनची डिग्री बसली नव्हती. दूध पातळ होतं. संध्याकाळी रांगेत सगळ्या वस्तीला कळलं. कुणी म्हणालं, आमच्या निरशा दुधात कुणी कालवलं? कुणी म्हणालं, आता पुढच्या महिन्यापासून बंद. एक जण तर बोलला, "कॅनापाशी कोण हुतं? घरी किती गेलं अन् नळाचं किती आलं, कुणी बघितलंय?"

काकू पायरीवर उभ्या होत्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "कॅन म्या धुतला. बुडाला पाणी ऱ्हायलं आसंल. माझी चूक हाय."

धुतलेल्या कॅनच्या बुडाला राहून राहून किती पाणी राहील? ओंजळभर. सगळे दुधातली माणसं. सगळ्यांना कळत होतं की हे खोटं आहे. मी रांगेत चौथी. हातात तीच किटली. दोन शब्द होते फक्त — मी घातलं. ते दोन शब्द मी गिळले, आणि माझा नंबर आल्यावर संध्याकाळचं दूध मापाला लावलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. शाळेचं दूध बंद पडू नये म्हणून काकू दुसऱ्या दिवसापासून घरोघर निघाल्या. पालकांना परत समजवायला. आणि सोबत कुणाला घेतलं? मला. म्हणाल्या, "तुझी पोरगी हाय शाळंत, तू बोललीस तर पटंल." मी प्रत्येक उंबऱ्यात त्यांच्या मागं उभी राहिले आणि प्रत्येक टोमणा ऐकला. एका तात्यांनी खाटेवरनंच विचारलं, "काय शालन, आता दूध आणू का पाण्याची बाटली?"

"दोनी आणा तात्या," काकू म्हणाल्या. "पाणी तुमी प्या, दूध कॅनात वता."

तात्या हसले आणि कबूल झाले. पण सगळीकडं हसण्यावारी गेलं नाही. एका घरी तर चहा माझ्या एकटीच्या पुढं आला. काकूंना साधं पाणीही कुणी विचारलं नाही. आणि तो चहा — मी प्याले. त्या दाराबाहेर चपला शोधत होत्या आणि मी कप संपवला. पाणी घातलं त्याच्यापेक्षा हे जास्त सलतं मला.

पुढच्या महिन्यातल्या सोमवारच्या आदल्या दिवशी काकू खोलीवर आल्या. माझी पाच लिटरची किटली उचलली, "ही मला लागती," म्हणाल्या, आणि पदराआडनं एक छोटी किटली काढून चुलीजवळ ठेवली. लिटरभराची. "उद्या ही आण. ही वाजत न्हाय."

एवढंच. आणि त्या गेल्या. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पायरीवर उभं राहून चूक स्वतःवर घेतली तेव्हाही ठाऊक असेल का? मी विचारलं नाही. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी ती छोटी किटली गच्च भरून, निरसं दूध घेऊन गेले, आणि त्यांनी नेहमीसारखं तोंड रस्त्याकडं वळवलं.

कॅन भरत राहिले. दिवाळीच्या आत संडास झाला. दोन खोल्या, आतनं कडी, वर नवी टाकी. आरती दप्तरात पाण्याची बाटली नेऊ लागली आणि ती रिकामी घरी आणायला लागली. आता ती बारामतीला बारावीला आहे. माझी सातवी केव्हाच मागं टाकली तिनं.

यंदा वर्गांवरचे पत्रे बदलायचेत. काकूंचे गुडघे गेले, त्या आता कॅनशेजारी खुर्चीवर बसतात. सभेत त्यांनीच सांगितलं, यापुढं कॅन हिच्याकडं. म्हणून आता मी घरोघर जाते. नवीन पालकांना सांगते — अर्धा तांब्या असला तरी आणा, कमी दुधाची लाज धरू नका, तिथं कुणी बघत नाही. माणसं ऐकतात माझं. परवा एक तरुण बाप म्हणाला, तुमच्यासारख्या माणसांमुळं शाळा चालतात. मी मान डोलावली. आणि त्याच वस्तीत अजून कुणी रागावलं की म्हणतं, "शालनकाकूंच्या वेळचं ते पाणी आठवतंय ना?"

मी भित्री होते. ते कारण म्हणून सांगत नाही. वस्तीत माझ्यापेक्षा भित्री माणसं आहेत, आणि त्यांनी निरसं दूध ओतलं.

तुमच्याकडनं मला काही नको. पण एका पहिल्या सोमवारी, रांग पुरी भरलेली असताना, काकू त्या खुर्चीवर असतानाच, मी कॅनपाशी उभी राहून ते दोन शब्द बोलेन. आणि माझी चूक त्यांच्याकडनं परत घेईन.