चौथ्यांदा हात लावायचा नाही

लॅव्हेंडरचं तेल आणि सफरचंदाचं व्हिनेगर यांचा एकत्र वास आला की मला आजही मळमळतं. अल्दियानाच्या केंद्राचा तो वास. तिथे आमच्या वरच्या आळीतल्या पन्नाशीच्या बायका ओळीने बसायच्या, हातात कोमट काढ्याचे कप, आणि आपापल्या ढेकरांविषयी, घामाविषयी, शौचाच्या रंगाविषयी अशा काही कौतुकाने बोलायच्या की उठून पळावंसं वाटायचं. मी परिचारिका आहे. सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी सव्वीस वर्षं लोकांचं रक्त आणि लघवी हाताळतेय, मला पोटाची किळस नाही. किळस यायची ती त्या बायकांच्या चेहऱ्यावरच्या समाधानाची.

पण मला सांगायचं आहे ते अल्दियानाच्या सासूविषयी. देव्लेता मावशीविषयी.

मावशी एकाहत्तर वर्षांची. नवरा पोलादाच्या कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. बुटकी, रुंद, आणि दोन्ही अंगठे दाबून दाबून बाहेरच्या बाजूला वाकलेले. ती बेंबीची तार लावायची. जड उचललं, काळजी केली, थंडीत ओल्या पायांनी हिंडलं की बेंबीखालची तार सरकते आणि मग माणसाला अन्न पचत नाही, झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, हे आमच्या नदीकाठच्या सगळ्या गावांना ठाऊक आहे. बाई सकाळी उपाशीपोटी यायची, दारात बूट काढायची आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीलगतच्या बाकावर आडवी व्हायची. मावशी अंगठ्यांना तेल लावून बेंबीभोवती ठोका शोधायची. ठोका जागेवर नसला की त्याला गोल गोल चोळत वर आणायची, वरून पेटत्या कापसाचा पेला उपडा घालायची, पोट रुमालाने आवळायची. तीन दिवस काही उचलायचं नाही. मग कॉफी.

तेल लावण्याआधी मात्र ती एक गोष्ट सांगायची. प्रत्येकीला, न विचारता.

"माझी धाकटी बहीण शेम्सा. हिवाळ्यात तिचं पोट फुगायला लागलं. मी तार लावली. परत सरकली. परत लावली. नऊ वेळा लावली, बाई, नऊ वेळा. प्लम पिकायच्या आत तिला पुरली. आत गाठ होती आणि मी वरून तेल चोळत होते. तेव्हापासून तीन वेळा. चौथ्यांदा मी हात लावत नाही. चौथ्यांदा सरकली तर ती तार नसते."

ही गोष्ट चाळीस वर्षांत तिने एकदाही गाळली नाही आणि तिच्यात एक शब्दही स्वतःच्या सोयीचा घातला नाही.

मी तिला तोंडावर हसायचे. "मावशी, तार-बीर काही नसते. तिथे मोठी रक्तवाहिनी आहे, ती उडते."

"उडू दे की. तुला उडालेली कळते, मला सरकलेली कळते. बस, कॉफी घे."

पण खरं सांगते, चौथ्यांदा आलेल्या बाईला ती बाकावर झोपूच द्यायची नाही. "सेनियाकडे जा," म्हणायची, आणि ती बाई चोरट्यासारखी माझ्या खिडकीशी येऊन उभी राहायची. आमचे डॉक्टर त्यांना काय सांगायचे तेही ऐका. पंचेचाळीसच्या वरच्या बाईसाठी त्यांच्याकडे एकच वाक्य आहे: वय आहे, नसा आहेत. पोट दुखतंय? नसा. रात्री अंगातून वाफा निघतात? वय. शांत करणाऱ्या गोळ्यांचा कागद फाडून द्यायचा, पुढची बोलवायची. पुढचीला हाक मी मारते. अशा किती हाका मारल्या असतील मी! स्वतःची पाळी गेल्यावर, घामाने ओल्या पाठीने त्याच खुर्चीत बसून मारल्या. त्या डॉक्टरांचा मला वीट आला आहे आणि माझ्या आवाजाचाही.

अल्दियाना आमच्याकडच्या बुटांच्या कारखान्यात शिवायची. कारखाना बंद पडला, तिचा नवरा, मावशीचा मुलगा मिर्झेत, ऑस्ट्रियात ट्रक चालवतो, सहा आठवड्यांनी एकदा येतो. ही सारायेव्होला जाऊन दोन शनिवार-रविवार कसलासा अभ्यासक्रम करून आली आणि घराच्या खालच्या मजल्यावर केंद्र उघडलं. नाव हार्मोनिया. भिंतीवर सोनेरी चौकटीत प्रमाणपत्र. पचन, ताण आणि स्त्रीचं दुसरं आयुष्य, असं पाटीवर लिहिलेलं. दुसरं आयुष्य म्हणे! मावशी माळ्यावर जी रानफुलं आणि पाला वाळवून शेजारणींना कागदात बांधून द्यायची, तीच आता तपकिरी पिशवीत, वर सुतळी आणि एक शिक्का.

ती ठग असती तर मला सोपं गेलं असतं. पण तिचा स्वतःचा त्यावर पक्का विश्वास होता. सकाळी व्हिनेगर, दुपारी भिजवलेलं जवस, संध्याकाळी बीट. मांस भरलेली पिता-पोळी नाही, कायमाकची साय नाही, कॉफी नाही. समोर कुणी ब्रेडचा तुकडा मोडला की असं बघायची जणू त्याने तिच्या अंगणात घाण केली.

सासूला तिने पांढरा कोट शिवून दिला. "आई, आता हे घालायचं. आणि ती शेम्सामावशीची गोष्ट नको हं. बायका इथे मोकळ्या व्हायला येतात, घाबरायला नाही."

"आणि तीन वेळाचं?"

"दहा सत्रं असतात, आई. पाटीवर दहा लिहिलंय."

मावशीने कोट घातला. मुलाचं घर चालायला हवं होतं. तीन वेळा ती तार लावायची आणि उरलेली सात वेळा नुसते पोटावर हात ठेवून बसायची. वाकून बाईच्या कानात म्हणायची, "दवाखान्यात जा गं." बाया तक्रार करायच्या, की सासूबाई हल्ली नीट दाबत नाहीत. मी हे सगळं बघत होते. कोट घालून गप्प बसलेल्या मावशीची मला पहिल्यांदा चीड आली. तिच्या तोंडावर मी तसं म्हणालेही.

दुसऱ्या हिवाळ्यात अल्दियानाच्या पँटचं बटण लागेना. मला आधी गंमत वाटली, बीट खाऊन कुणी जाड होतं का! पण गालफडं बसलेली आणि पोट तेवढं पुढे. ती म्हणे संप्रेरकं आहेत, ताण आहे, शरीर विष बाहेर टाकतंय. एकोणपन्नास वर्षांची बाई, पाळी मागे-पुढे होणारच. तिने व्हिनेगर दुप्पट केलं. जानेवारीत तिने सासूकडून तार लावून घेतली. फेब्रुवारीत दुसऱ्यांदा. मार्चच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा, आणि त्या दिवशी मावशी माझ्या खिडकीशी आली. रांगेत उभी राहून, आपला नंबर येईपर्यंत थांबून.

"सेनिया, तिच्या पोटात शेम्सा आहे," ती म्हणाली.

"तिला घेऊन ये."

"येत नाही. म्हणते, डॉक्टर काय सांगणार ते माहीत आहे. वय आणि नसा."

अल्दियानाचं बरोबरच होतं.

मग मार्चअखेरीस केंद्राचा खुला दिवस आला. तीसेक बायका खालच्या मजल्यावर कोंबलेल्या. तोच वास, वर माणसांच्या घामाचा. कुणीतरी फोन उंच धरून चित्रण करत होतं. बायकांना तारेची पद्धत दाखवायची म्हणून अल्दियाना स्वतः टेबलावर आडवी झाली. सदरा वर केला. रुमालाने आवळलेलं ते पोट सुटलं आणि पुढच्या रांगेतली एक म्हणाली, "अगं बाई, केवढा हा वायू!" आणि सगळ्या हसल्या. हसल्या!

मावशीने अंगठ्यांना तेल लावलं. पोटावर टेकवले. आणि उचलले.

"हे चौथं आहे," ती म्हणाली.

"आई, हे फक्त दाखवायचंय," अल्दियाना हसऱ्या तोंडाने, दातांतून बोलली. "लोक बघतायत."

"ऊठ, बूट घाल. सेनियाबरोबर जा."

"माझ्या केंद्रात मला सांगू नका. आधीपासून माझं बरं बघवलं नाही तुम्हाला. तुमची तार सरकली की दवाखाना, आणि माझं शिकलेलं सगळं थोतांड, असंच ना? तुम्ही लावा. तुमच्या हातावर माझा विश्वास आहे म्हणून तर आडवी झालेय ना मी!"

मावशीने कोटालाच तेल पुसलं, कोट काढला आणि बायकांकडे तोंड केलं.

"तार नसते," ती म्हणाली. "ऐकलंत? नसतेच. मला कधीच काही लागलं नाही हाताला. नाडी असते ती, सगळ्यांचीच उडते. चाळीस वर्षं मी तुम्हाला फसवलं. तुझ्या आईला फसवलं, हाय्रा. तुला तर आठ वर्षांची असल्यापासून, फाद्या. तेल चोळायचं आणि कॉफी प्यायची, बस. सगळं खोटं."

फोन धरलेला हात खाली आला. कुणीतरी "लाज नाही वाटत?" म्हणालं. कुणीतरी आणखी वाईट काही. अल्दियाना टेबलावर उठून बसली, पांढरीफटक. सदरा खाली ओढायचंही तिला सुचत नव्हतं. तिने दोन्ही हातांनी पोट धरलं आणि लहान पोरीसारखं विचारलं, "मग हे काय आहे?"

मी तिचे बूट आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "वय आहे..."

"डॉक्टर, वाक्य पुरं करू नका," मी म्हणाले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. "मोठ्या रुग्णालयाचा कागद लिहा. सोनोग्राफी. आजची तारीख घाला. नाही लिहिलात तर मी पुढची बोलवत नाही, दिवसभर बसू."

लिहिला त्यांनी. अंडाशयावर नारळाएवढी गाठ होती. नवव्या दिवशी काढली. बाहेर पसरायला लागणारच होती, असं तिथली सर्जन म्हणाली. आता दर तीन महिन्यांनी तपासणी, पाच वर्षं.

तुम्हाला वाटेल बायकांनी मावशीचे हात धरले असतील. छे. आळीत तिला कुणी सलाम करत नाही. भाजीच्या दुकानात तिच्याकडे पाठ करतात. "चाळीस वर्षं पोटं चिवडली आमची, म्हातारीने!" ज्यांना तिने वेळेवर माझ्याकडे धाडलं, ज्या त्यामुळे आज भाजीच्या दुकानात उभ्या आहेत, त्याही. आणि आता सगळ्या पुलापलीकडच्या एकीकडे जातात, जी बारा वेळा तार लावते आणि कसलीच गोष्ट सांगत नाही. त्यांची तोंडं बघितली की मला खिडकी बंद करावीशी वाटते.

अल्दियानाने केंद्र बंद केलं. रुग्णालयाच्या ओट्यावर, माझ्यादेखत, शेजारच्या बाईला सांगत होती, "माझी सासू तार लावायची. सगळं थोतांड. बरं झालं मला वेळेत कळलं." तपासणी मात्र एकही चुकवत नाही.

ऑक्टोबरात मी मावशीकडे कोबी मुरवायला मदत म्हणून गेले. अंगणात पिंप, मिठाचं पाणी, कोबीचे गड्डे. वर ठेवायचा नदीतला दगड उचलायला मी वाकले आणि पोटात कळ आली. काही महिने अधूनमधून येतेच. वय आहे, म्हणून मी सोडून देत होते.

"उचलू नकोस," मावशी म्हणाली.

वरच्या मजल्यावरची अल्दियानाची खिडकी लावलेली होती. मी आवाज खाली आणला. "मावशी, खरं सांग. तार नसतेच ना?"

"नसते कशी?" ती चकित होऊन म्हणाली. "तुझी डावीकडे उतरलीय. फाटकातून आलीस तेव्हाच दिसलं."

"मग लाव ना," मी म्हणाले. मी! सव्वीस वर्षं तिला हसलेली.

तिने ओले हात झाडले. वाकडे अंगठे माझ्या पोटापर्यंत आले. मग तिने ते मागे घेतले आणि परत मिठाच्या पाण्यात घातले.

"नाही. आज तुझी लावली तर उद्या वर कळेल. तिला कळलं की पुढच्या तपासणीला जायची नाही, इथे येऊन माझ्यासमोर आडवी होईल. आणि मी लावीन, सेनिया. रडली तर चौथ्यांदाही लावीन. शेम्सा रडायची."

दगड तिनेच उचलून पिंपावर ठेवला. मी सोमवारी दवाखान्यात माझ्याच खिडकीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन रांगेत उभी राहिले.